हेमाच्या माशा

"कामाचं स्वरूप काय लिहू, सर?" गेटवरच्या रखवालदारानं फोनवर विचारलं. "हे बाबा म्हणतात, दिवा लावायला आलोय. मेंटेनन्सकडे पाठवू का?"

"नाव काय त्यांचं?"

"तोडकरी. मंगळवेढ्याचे."

"कुठंही पाठवू नकोस. मी येतो."

रखवालदाराचं तसं फार चुकलं नव्हतं. विश्वंभर तोडकरी वीज मंडळात वायरमन होते. मंगळवेढ्याच्या आसपासच्या कित्येक वस्त्यांवर पहिला बल्ब त्यांच्याच हातून लागला होता, आणि लोकांनी तो फुंकर मारून विझवायचा प्रयत्न केला होता, असं त्यांची मुलगी हसत सांगायची. ती मुलगी, हेमा, माझी विद्यार्थिनी. तीनच दिवसांपूर्वी ती गेली. आमच्या प्रयोगशाळेतच गेली, भर दुपारी, खुर्चीत बसल्या बसल्या. लहानपणी सांध्यांचा ताप येऊन तिच्या हृदयाची एक झडप बिघडली होती, हे आम्हाला दवाखान्यात कळलं. तिलाही ते माहीत नसावं, कारण संस्थेचे जिने ती पळत चढायची. मी चालत चढायचो आणि माझ्या हृदयाला काही झालेलं नव्हतं.

तोडकरी गेटपाशी उन्हात उभे होते. पायजमा, सदरा, हातात कापडी पिशवी आणि पिशवीतून वर आलेली वेताची टोपली.

"नमस्कार साहेब. तुम्हाला तरास द्यायला आलो."

"त्रास कसला? चला, आत बसू."

माझ्या खोलीत सुहास कापडणीस होता. हेमा आणि तो एकाच वर्षी माझ्याकडे पीएचडीला लागलेले, टेबलाला टेबल लावून बसलेले. दिवसातून दोनदा भांडायचे आणि तीनदा चहाला जायचे. तिला त्या दिवशी उचलून बाहेर आणलं ते त्यानं आणि शिपाई बाबूरावांनी. तेव्हापासून तो दाढी करत नव्हता आणि कोणाशी एका वाक्याहून अधिक बोलत नव्हता. तोडकऱ्यांना पाहून उठला, खुर्ची पुढे केली आणि भिंतीला टेकून उभा राहिला.

तोडकऱ्यांनी पिशवी मांडीवर घेतली. "क्रियाकर्म थोरला पोरगा करतोय. घरी दिवा लावलाय. पण आमची भावजय म्हणाली, जिथं जीव गेला तिथं दिवा पाहिजे. दवाखान्यात नुसता कागद झाला, साहेब. जीव इथंच गेला. दहाव्यापर्यंत दिवा तेवता ठेवायचा, शेजारी पीठ पसरून टोपली झाकायची. सकाळी त्यात पाऊल उमटतं. कशाच्या जन्माला गेली ते कळतं." मग घाईनं म्हणाले, "तेल माझं मी आणलंय. संस्थेला काय तोशीस न्हाय."

"लावा की," मी म्हणालो. "विचारायचं काय त्यात."

"सर," भिंतीकडून सुहासचा आवाज आला. "एक मिनिट बाहेर येता?"

इथे थोडं फळमाशांचं सांगायला हवं. आमची संस्था पुण्याबाहेर एका टेकडीच्या उतारावर आहे आणि तिथे मी फळमाशीचा डोळा शिकवत असे. म्हणजे विद्यार्थ्यांना. माशीला तो आधीपासून येत होता. फळमाशी म्हणजे पिकल्या केळ्यावर जमणारं चिलट. त्या चिलटाच्या डोळ्यात उजेड टिपणाऱ्या पेशी असतात आणि त्यांच्या भिंतीत बारीक दारं असतात. त्यांना आयन चॅनेल म्हणतात. उजेड पडला की दारं उघडतात, विजेचा झटका आत जातो आणि माशीला दिसतं. यातली एक जात मोठी चमत्कारिक. माशी भर उजेडात राहिली की ही दारं भिंतीतून निघतात आणि पेशीच्या पोटात जाऊन बसतात. अंधार झाला की हळूहळू परत भिंतीत येतात, म्हणजे अंधारात जरासा उजेडही वाया जाऊ नये. या येण्याजाण्यावर माझा संसार चालला होता.

हेमाकडे माशांचं एक बिघडलेलं वाण होतं. त्यांची दारं उजेडात आत जायची ती रात्रभर अंधारात ठेवूनही परत येत नसत. मी अहवालात लिहून टाकलं होतं, 'येत नाहीत.' हेमाचं म्हणणं वेगळं. "येतात, सर. यांना वेळ लागतो. तुम्ही थांबतच नाही." म्हणून तिनं त्या माशा अंधारखोलीत ठेवल्या होत्या, एका रात्रीसाठी नव्हे, पुढच्या सोमवारपर्यंत. खोलीला दोन जाड काळे पडदे. पहिला ओढून घेतल्याशिवाय दुसरा सारायचा नाही, हा नियम. आत फक्त एक लाल दिवा, कारण लाल रंग माशीला जवळजवळ दिसत नाही. ट्यूबलाइटच्या बटणावर काळी चिकटपट्टी, चुकून हात जाऊ नये म्हणून.

हेमा गेली ती त्याच खोलीत, माशांचं अन्न बदलताना.

बाहेर व्हरांड्यात सुहासनं दार लोटून घेतलं. "सर, सोमवारपर्यंत दिवा नको."

"त्या माणसाची मुलगी गेलीय."

"माहितीय."

"आणि तुला चिलटांची पडलीय? जाऊ दे वाया. पुन्हा लावता येईल प्रयोग."

"पुन्हा लावला तर तो माझा होईल. हा तिचा आहे." मग तो व्हरांड्याच्या कठड्याकडे बघत म्हणाला, "सर, मी त्याआधी एकदा आत गेलो होतो."

"कधी?"

"तिला आणलं त्याच्या तासभर आधी. चहाला बोलवायला. टेबलावर डोकं ठेवून बसली होती. हाक मारली, उठली नाही. मला वाटलं, डुलकी लागली. चेहरा छान दिसत होता. लाल दिव्यात सगळ्यांचाच दिसतो. ट्यूब लावून बघितलं असतं तर कळलं असतं, पांढरी पडलीय का, ओठ निळे झालेत का. बटणावर हात गेला होता माझा. पण माशा होत्या. नाही लावली." तो थांबला. "आणि नंतर बाबूराव आणि मी तिला उचलून आणत होतो ना, तेव्हा मी बाबूरावांना म्हटलं, आधी मागचा पडदा ओढा. तिला हातात धरून म्हटलं, सर. ते पण थांबले, पडदा ओढला, मग आम्ही बाहेर आलो."

मी त्या दुपारी सभागृहासाठी खुर्च्यांचा रंग ठरवणाऱ्या समितीत होतो. त्या समितीचा निर्णय अजून व्हायचा आहे.

"डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणलं असतं तर काही बघता आलं असतं," सुहास म्हणाला.

"हे वाक्य डॉक्टरांच्या खिशातच असतं."

"असेल. पण मी त्या माशांसाठी लाइट लावला नाही. आता तिथं दिवा लावला तर मी तो कशासाठी लावला नाही, सर?"

प्राध्यापकाजवळ उत्तर नसलं की तो सल्ला देतो. मी म्हटलं, "हे त्यांना सांगू नकोस. त्यांना उपयोग नाही आणि तुलाही नाही. दिव्याचं मी काहीतरी बघतो."

त्यानं मान हलवली, दार उघडून आत गेला आणि तोडकऱ्यांच्या समोर जमिनीवर बसून सगळं सांगून टाकलं. पडद्यासकट.

तोडकरी पिशवीच्या बंदाशी चाळा करत ऐकत होते. मी पंख्याचा वेग उगीच कमी केला, मग वाढवला.

"टेबलावर डोकं कसं ठेवलं हुतं?" शेवटी त्यांनी विचारलं.

"असं. हातावर. तोंड भिंतीकडे."

"डाव्या हातावर?"

"हो."

"तशीच निजायची. पाटीवर डोकं ठिवून. आम्ही पण उठवायचो न्हाय." त्यांनी डोळे पुसले नाहीत, कारण त्यांत पाणी नव्हतं. नुसते मिटले आणि उघडले. "लाइट लावला असता तर वाचली असती का रं?"

"माहीत नाही, काका."

"डॉक्टर काय म्हणला?"

सुहासनं माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "कोणालाच सांगता येणार नाही."

"बरं," तोडकरी म्हणाले. उठले. "खोली दावा."

आम्ही पहिल्या पडद्याआड गेलो, तो ओढला, मग दुसरा सारला. लाल दिव्याला डोळे सरावेपर्यंत तोडकरी जागच्या जागी उभे राहिले. नवख्या जागी अंधारात पाय न टाकण्याची त्यांना सवय असावी. मक्याच्या पिठाचा, गुळाचा आणि आंबूस यीस्टचा वास खोलीभर होता. फळीवर कापसाची बुचं लावलेल्या काचेच्या नळ्या, आत माशा.

"ही चिलटं?"

"हीच."

"काय बघत हुती ती ह्यांच्यात?"

मी दारांचं सांगितलं. उजेडात आत जातात, अंधारात भिंतीत परत येतात, यांची मात्र येत नाहीत.

"म्हंजे लोड बघून लायनी कमी-जास्त."

"साधारण तसंच."

"आणि ह्यांची परत येत न्हाईत, असं कोण म्हणतं?"

"मी म्हणतो."

"आणि हेमी?"

"ती म्हणायची, येतात. वेळ लागतो."

तोडकरी खुर्चीजवळ गेले. बसले नाहीत, पाठीवर हात ठेवला. "कवा कळंल?"

"सोमवारी," सुहास म्हणाला.

"आणि दिवा लावला तर?"

"मग नाही कळणार."

त्यांनी पिशवीतून टोपली काढली, पुरचुंडी सोडून खुर्चीच्या पायाशी पीठ पसरलं, हातानं सारखं केलं आणि वर टोपली झाकली. दिवा आणि तेलाची बाटली टेबलाखाली ठेवून दिली. "दिवा सोमवारी. तिचं काम हुंद्या. भावजयीला काय कळतंय, दिवा कवा लावला." मग वर बघून म्हणाले, "ट्यूब हाय का इथं?"

"आहे. वापरत नाही कोणी."

"बटन?"

सुहासनं बोट दाखवलं. तोडकऱ्यांनी काळ्या पट्टीवरून अंगठा फिरवला आणि बराच वेळ तिथंच उभे राहिले. "पोरा, इथं जरा चहा मिळंल का?" असं त्यांनी विचारलं, तसा सुहास लगबगीनं बाहेर गेला. मलाही वाटलं, बापाला थोडं एकटं राहू द्यावं. मी व्हरांड्यात आलो.

सोमवारपर्यंत ते राहिले. अतिथिगृहात फक्त पाहुण्या तज्ज्ञांना जागा मिळते, म्हणून मी तिथं त्यांचा विषय 'प्रकाश' असा लिहिला. कोणी हरकत घेतली नाही. याहून कमी उजेड पाडलेले तज्ज्ञ तिथं महिनामहिना राहून गेले होते.

दिवसा ते अंधारखोलीत बसायचे. पहिल्या दिवशी सुहास त्यांच्याशी बोलायचं टाळत होता. दुसऱ्या दिवशी मी पडद्याआडून आत आलो तर माशांचं अन्न बदलणं चाललं होतं आणि संवाद कानावर आला.

"बूच असं धरा, काका. पटकन लावायचं."

"एक उडाली की रं."

"उडू द्या. दोन-चार उडतातच."

"हेमीच्या उडायच्या का?"

"तिच्या जास्त उडायच्या. मग मला म्हणायची, तूच सोडल्यास."

"घरी पण तसंच. दूध उतू गेलं की मांजराचं नाव घ्यायची. मांजर मरून दोन वर्सं झाली तरी."

सुहास हसला असावा. अंधारात नक्की कळलं नाही, पण नळीचं बूच त्याच्या हातून पडलं.

सकाळी टोपली उचलायचा कार्यक्रम असे. पहिले दोन दिवस पीठ कोरं. रविवारी तोडकऱ्यांनी मला आणि सुहासला हाक मारली. पिठावर एक बारीक रेघ उमटली होती, वाकडीतिकडी, कडेपासून मध्यापर्यंत, आणि रेघेच्या टोकाशी पंख पिठानं माखलेली एक फळमाशी बसली होती. शास्त्रीयदृष्ट्या त्या खोलीत दुसरं कोणाचं पाऊल उमटण्याची शक्यता नव्हती, हे सांगायची ती वेळ नव्हती.

तोडकऱ्यांनी माशीखाली कागद सरकवला, तिला अलगद फळीवर सोडलं आणि पीठ पुन्हा सारखं केलं.

"घरी काय सांगणार?" मी विचारलं.

"हेमीच्या आयला चिलट कसं सांगू, साहेब?" ते म्हणाले. "पाखरू सांगतो."

सोमवारी सुहासनं दाढी केली होती. त्यानं त्या अंधारातल्या माशा एकेक करून खोलीतल्याच सूक्ष्मदर्शकाखाली घेतल्या. दारांना एक चमकतं प्रथिन जोडलेलं असतं. निळा झोत टाकला की ती जिथं असतील तिथं हिरवी दिसतात. दारं भिंतीत परतली असतील तर डोळ्याच्या प्रत्येक कप्प्यात सात हिरवे ठिपके उमटतात, रांगोळी घालायला काढावेत तसे. परतली नसतील तर नुसतं धुकट हिरवं.

सुहास पहिली माशी बघत होता. बघतच राहिला. मग बाजूला झाला. "सर."

मी डोळा लावला. ठिपके होते. नेहमीच्या माशीइतके ठळक नव्हते, पण मोजता येत होते. दुसरीत होते. तिसरीत थोडे अधिक स्पष्ट. माझं अहवालातलं वाक्य चुकलं होतं. ते मला तोंडावर सांगून नाचायला जी हवी होती ती नव्हती.

"आली का?" मागून तोडकऱ्यांनी विचारलं.

"आली, काका. उशिरा आली."

त्यांनी स्वतः बघितलं. डोळा कुठं लावायचा ते सुहासनं दाखवलं. बघून झाल्यावर ते टेबलाला धरून उभे राहिले. "म्हंजे बराबर हुती ती."

"बरोबर होती," मी म्हणालो.

"अंधाराचं काम झालं का आता?"

"झालं."

"मग लाइट लाव," ते सुहासला म्हणाले.

"दिवा लावा ना, काका."

"लावतो. वात वळायला दिसाय नको का? लाव."

सुहास बटणापाशी गेला. चिकटपट्टी नखानं सोडवायला त्याला फार वेळ लागला. तिचा शेवटचा तुकडा निघाला तरी हात तसाच तिथं राहिला. मी म्हणणार होतो, मी लावतो. तोडकऱ्यांनी माझ्या दंडाला धरलं.

सुहासनं बटण दाबलं.

काही झालं नाही. लाल दिव्यात सगळं होतं तसंच. त्यानं पुन्हा दाबलं, मग वर-खाली, वर-खाली करत राहिला.

"लागत नाही," तो म्हणाला.

"लागत न्हाय?" तोडकरी पुढे आले. त्यांनी बटण दोनदा चालवून बघितलं, स्टूल ओढलं, वर चढून ट्यूब थोडी फिरवली, टोकांकडे मान वाकडी करून पाहिलं. "गेलीय की ही. दोन्ही टोकं काळी पडल्यात. वरीस झालं असंल."

लाल उजेडात मला काळं काय अन् पांढरं काय ते कळत नव्हतं. पण ते वायरमन होते.

"म्हणजे त्या दिवशीपण..." सुहास म्हणाला.

"त्या दिवशी पण. इथं कोण लावतंय? म्हणून कुणाला कळलं न्हाय." स्टुलावरून उतरता उतरता त्यांनी सुहासच्या खांद्याचा आधार घेतला. "तू बटन दाबलं असतंस तरी अंधारच हुता, बाळा."

सुहास खाली बसला, स्टुलाच्या पायाला धरून. इतक्या दिवसांत तो पहिल्यांदा रडला, आवाज करून, लहान मुलासारखा. तोडकऱ्यांनी त्याच्याकडे बघितलं नाही. चाचपडत त्यांनी टेबलाखालून दिवा काढला, तेल घातलं, वात वळली आणि काडी ओढली. त्या खोलीत पिवळा उजेड मी प्रथमच पाहिला. फळीवरच्या माशा सगळ्या त्या बाजूला सरकल्या.

दहाव्याला घरी पोचायला हवं म्हणून ते दुसऱ्या दिवशी निघाले. दिव्यात तेल घालायचं काम सुहासनं घेतलं. मी त्यांना स्वारगेटला सोलापूर गाडीत बसवून दिलं. खिडकीपाशी बसल्यावर त्यांनी सदऱ्याच्या खिशातून काहीतरी काढून माझ्या हातात ठेवलं. अंगठ्याएवढी पांढरी डबी, खाली दोन पितळी टोकं.

"हे तुमच्या संस्थेचं. माझ्याकडं राहिलं."

"काय आहे?"

"स्टार्टर. हा काढला की ट्यूब लागत न्हाय. ट्यूब चांगली हाय, साहेब."

मी डबीकडे बघत राहिलो. "कधी काढलात?"

"पयल्याच दिवशी. ते पोरगं चहा आणाय गेलं तवा." कंडक्टर पुढच्या दारातून ओरडत होता. तोडकरी खिडकीतून थोडे बाहेर वाकले. "आमच्यात एक रीत हाय. खांबावर माणूस चढला की खाली उभा असंल त्यानं फ्यूज काढून आपल्या खिशात ठिवायचा. कुणी का मागंना, साहेबानं मागितला तरी द्यायचा न्हाय. वरचा माणूस सुखरूप खाली उतरला की मगच बसवायचा." मग म्हणाले, "ते पोरगं अजून वर हाय. तुम्ही खाली हायसा."

गाडी सुटली. मी डबी खिशात टाकली.

सुहासला पीएचडी मिळायला पुढं तीन वर्षं लागली. शोधनिबंधावर पहिलं नाव हेमाचं होतं. मधल्या काळात मेंटेनन्सवाल्यांनी अंधारखोलीची ट्यूब बदलायची का, असं दोनदा विचारलं आणि मी दोन्ही वेळा, "तिथं कशाला हवी ट्यूब?" म्हणून परत पाठवलं. सुहास परदेशी जायला निघाला त्या दिवशी त्याला विमानतळाच्या गाडीत बसवून मी परत संस्थेत आलो. पहिला पडदा ओढला, दुसरा सारला, स्टुलावर चढलो आणि स्टार्टर बसवला.

ट्यूब दोनदा लुकलुकली आणि लागली.